बर्फमास्तरांच्या गाडीतला एसी

बर्फमास्तरांना एका सकाळी दाढी करता करता पक्षाघाताचा झटका आला. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस, अशा अवस्थेत त्यांना दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय गेला आणि वाचा गेली. अगदी सगळी नाही; एक शब्द राहिला. डॉक्टरांनी विचारलं, "इथे दुखतं का?" तर मास्तर म्हणाले, "बरोबर." नाव विचारलं तरी "बरोबर." नर्सने सुई टोचली तेव्हा कळवळूनसुद्धा तेच.

डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेतलं. मेंदूतला भाषेचा भाग दुखावला की असं होतं, म्हणाले. कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो, आणि माणूस काहीही म्हणायला गेला तरी तोच बाहेर पडतो. "पण त्यांना समजतं सगळं. तेवढं लक्षात ठेवा."

"ठेवते," मुलगी म्हणाली.

मास्तरांची सगळी हयात शीतगृहात गेली होती. फळांचे, माशांचे मोठाले थंड हॉल, आणि ते थंड ठेवणारी यंत्रं. त्या यंत्रांचे ते सर्वेसर्वा. हाताखाली शिकलेले लोक तोंडावर त्यांना मास्तर म्हणायचे आणि माघारी बर्फमास्तर. कामात माणसाला तोड नव्हती. नुसत्या आवाजावरून कुठला कंप्रेसर आजारी आहे ते सांगायचे. पण जीभ अशी की समोरच्याचं कातडं सोलून निघावं. दुसऱ्याचं काही चुकलं की त्यांना जेवण गोड लागायचं, आणि कोणाचं काही जमलं की अपचन व्हायचं. बायकोला, मुलीला, शेजाऱ्याला, कोणालाच त्यांनी जन्मात कधी "तुझं बरोबर आहे" असं म्हटलं नव्हतं. आता दिवसभर तेच म्हणत होते.

मास्तरांचा एकच शौक होता, गाडीचा. लांब नाकाची, दोनच माणसांची, कापडी टप असलेली जुनी स्पोर्ट्स गाडी. एका गोदामात गंजून पडलेली ती त्यांनी आणली आणि वर्षानुवर्षं खपून उभी केली. इथवर ठीक होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं की आपण थंडीचे बादशहा आणि आपल्या गाडीत एसी नाही, हे शोभत नाही. गाडी निघाली त्या काळात अशा गाड्यांना एसी नसायचा, तो बसवायला जागाही नव्हती. मास्तरांनी जागा काढली. भंगारातल्या व्हॅनचा कंप्रेसर इंजिनाला जोडला, त्यासाठी जाड पत्र्याचा ब्रॅकेट स्वतः कापून स्वतः वेल्डिंग केला. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सरची जाळी बसवली. डॅशबोर्डच्या खाली, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांना लागेल असा गार हवेचा डबा टांगला. पहिल्या दिवशी बायकोला शेजारी बसवून फिरवून आणलं तेव्हा तिला हुडहुडी भरली होती. सगळ्या गल्लीने येऊन त्या डब्यासमोर हात धरून पाहिला.

दोन उन्हाळे ते कौतुक टिकलं. मग गाडी तापायला लागली. कारण साधं होतं. इंजिन गार ठेवायला रेडिएटरला समोरून वारा लागतो, आणि समोर तर कंडेन्सर आडवा उभा. त्यातून येणारा वारा आधीच तापलेला. थोडी गर्दी लागली, चढ लागला की काटा तांबड्यात जायचा आणि बॉनेटमधून वाफा यायच्या. पुढे नळ्यांमधला गॅसही कुठूनतरी निघून गेला आणि एसी बंद पडला. मास्तरांनी तो दुरुस्त केला नाही आणि काढलाही नाही. काढला असता तर चुकलं म्हणून कबूल केल्यासारखं झालं असतं.

त्यावर त्यांनी उपाय काढला तो असा. गाडी तापायला लागली की हीटर चालू करायचा. हीटर इंजिनातली उष्णता आत ओढतो, त्यामुळे इंजिन थोडं गार राहतं आणि आतली माणसं भाजतात. भर उन्हाळ्यात, एसी बसवलेल्या गाडीत, हीटर चालू. आणि जुन्या गाड्यांच्या मंडळाचे दोस्त दिसले की मास्तर काचा वर करायचे, टप लावून ठेवायचे. एसी चालू असताना कोणी काचा उघड्या ठेवतं का?

मंडळाची दरवर्षी उन्हाळ्यात फेरी निघायची. सगळ्या जुन्या गाड्या ओळीने शहरभर हळूहळू फिरायच्या. एका वर्षी फेरीत मास्तरांची बायको अशीच बंद काचांच्या आत बसली होती, पायांवर हीटरची झळ, आणि चेहऱ्यावर मास्तरांनी सांगितलेलं हसू. अर्ध्या वाटेत तिची मान कलली. मास्तरांनी डाव्या हाताने तिचं डोकं सीटला टेकवलं, तिच्या मांडीवरची हॅट तिच्या चेहऱ्यावर ठेवली, म्हणजे झोपली आहे असं वाटावं, आणि फेरी पूर्ण केली. शेवटच्या चौकात बक्षीस घेऊन झाल्यावर दार उघडलं. ती आठवडाभर अंथरुणात होती. मास्तर म्हणाले, "बायकांना गाडीत बसायची सवय नसते."

मुलगी तेव्हा कॉलेजात जायच्या वयाची होती. लहानपणापासून बॉनेटमध्ये बॅटरी धरून उभी राहायची, वडील काय करतात ते बघायची. आई अंथरुणात असताना मंडळाचे दोस्त घरी जमले. गाडी का तापते यावर चर्चा रंगली. कोणी पंपाला दोष दिला, कोणी पेट्रोलला. मुलगी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पुढची जाळी काढली की तापायची थांबेल. रेडिएटरला वाराच लागत नाही."

मास्तर हसले. त्यांनी तिला ट्रे खाली ठेवायला सांगितला आणि मधल्या स्टुलावर उभं केलं. "हं, पुन्हा सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे." तिने पुन्हा सांगितलं. "आता सांग, कंडेन्सरमध्ये गॅसचं काय होतं?" तिला ते नीट सांगता येईना. मग एकेक प्रश्न, प्रत्येक प्रश्नानंतर थोडं थांबून दोस्तांकडे एक नजर. ती अडखळायची आणि दोस्त हसायचे. त्यातले घड्याळकाका, म्हणजे चौकातले घड्याळदुरुस्तीवाले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. शेवटी मास्तर म्हणाले, "उतरा इंजिनिअर, चहा गार झाला."

तेव्हापासून तिचं नाव इंजिनिअर पडलं. गल्लीतली पोरं तेच म्हणायची. तिला खरोखरच इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. मास्तर म्हणाले, घरात एक शहाणा पुरे. ती एक्स-रे काढायचं शिकली आणि दवाखान्यात लागली. एकदा लग्नाचं बोलायला माणसं आली, तेव्हा मास्तरांनी ओळख करून दिली ती अशी: "ही आमची इंजिनिअर. हिच्या हातात काही चालू वस्तू देऊ नका." ती माणसं पुन्हा आली नाहीत. मग ती वेगळी खोली घेऊन राहायला लागली. महिन्यातून कधीतरी आईला भेटायला यायची, तेही वडील बाहेर असताना.

झटका आल्यावर ती घरी परत आली. आईच्याने मास्तरांना उचलणं शक्य नव्हतं. पुढच्या खोलीत त्यांची खाट लावली, खिडकीपाशी चाकाची खुर्ची. खिडकीतून समोरच गॅरेज दिसायचं. पहिले काही महिने तिने सगळं चोख केलं. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उजव्या हाताचे व्यायाम. शब्द शिकवणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून एकदा न्यायचं होतं, पण त्या बाई वरच्या मजल्यावर बसायच्या, आणि खुर्ची जिना चढवायला दोन माणसं लागायची. चार-पाच वेळा नेलं, मग आईच म्हणाली, "राहू दे. एक शब्द आहे तो पुष्कळ आहे."

गाडी धूळ खात पडली होती. बरेच दिवस चालवली नाही तर कामातून जाईल म्हणून एका सुट्टीच्या सकाळी मुलीने ती चालू केली. इंजिन सुरू झालं, आणि त्याबरोबर एक घरघर ऐकू आली. एसी बंद असला तरी कंप्रेसरची चाकी पट्ट्याबरोबर फिरत राहायची आणि तिचं बेअरिंग कधीच गेलं होतं. तिने गाडी बंद केली. बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिली. मग हात पुसत आत आली. घड्याळकाका मास्तरांची विचारपूस करायला आले होते, आई चहा गाळत होती.

"बाबा," ती म्हणाली, "गाडीतला एसी काढून टाकू ना?"

मास्तरांचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर जोराने मारलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. तोंड वेडंवाकडं झालं, आणि त्या सगळ्या आटापिट्यातून शब्द बाहेर पडला.

"बरोबर. बरोबर. बरोबर."

घड्याळकाका चाट पडले. "काय सांगता मास्तर. शेवटी मानलंत म्हणायचं."

"ऐकलंत ना काका?" मुलगी म्हणाली. "तुमच्यासमोर म्हणाले." आणि तिने वडिलांकडे पाहिलं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही कळलं होतं. मुलगी हसली, आणि त्या हसण्यात मास्तरांना स्वतःचं हसू दिसलं असेल तर नवल नाही.

कामाला तिने घाई केली नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तरांची खुर्ची खिडकीपाशी सरकवायची, ब्रेक लावायचा, पडदा पूर्ण बाजूला करायचा, आणि मग गॅरेजात जायचं. खिडकीखाली तिने एक जुनी चादर अंथरली होती.

पहिल्या दिवशी तिने कुठूनतरी गॅसचा दाब मोजायचं गेज मागून आणलं आणि नळीला लावलं. गॅस शिल्लक असेल तर आधी तो नीट काढून घ्यायला हवा होता. काटा हललासुद्धा नाही. गेज नळीवरून सोडवून तिने खिडकीशी आणून त्यांच्या नाकासमोर धरलं. "पूर्ण रिकामा आहे बाबा. इतकी वर्षं रिकामं मडकं घेऊन फिरत होतात, बरोबर?"

"बरोबर," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

तिला हसू फुटलं. आत स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं थांबलं, आणि मग तिकडूनही हसण्याचा आवाज आला. आईला असं हसताना मुलीने कधी ऐकलंच नव्हतं.

मग पट्टा निघाला. कंप्रेसर निघाला, जड धूड, तिने छातीशी धरून आणून चादरीवर टेकवलं. ब्रॅकेट काही केल्या निघेना. मास्तरांनी तो असा बसवला होता की त्यांच्याशिवाय कोणाला सोडवता येऊ नये. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तिने तेल सोडून ते रात्रभर भिजू दिले, दुसऱ्या दिवशी पान्याला पाइप लावून अंगाचा भार टाकला. एकेक बोल्ट किंचाळत सुटला. प्रत्येक आवाजाला खिडकीतला डावा हात दांडा घट्ट धरायचा. ब्रॅकेटच्या आतल्या अंगाला, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा ठिकाणी, मास्तरांनी ठोकून आपलं नाव उमटवलं होतं. मुलीने ते बोटाने चाचपलं आणि ब्रॅकेट नाव वर येईल असा चादरीवर ठेवला.

आत डॅशबोर्डखालचा डबा काढला तर त्यात उंदराचं घरटं निघालं, कागदाच्या कपट्यांचं आणि सीटच्या कापसाचं. तेही तिने तसंच चादरीवर मांडलं. नळ्या इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्यातून आत आल्या होत्या. त्या ओढून काढल्यावर राहिलेली भोकं तिने रबरी बुचांनी बंद केली, नाहीतर इंजिनाचा धूर आत आला असता. वायर तोडल्या, टोकं बांधली. शेवटी समोरची जाळी. ती निघाल्यावर मागे रेडिएटर दिसला, चिखल, पिसं आणि मेलेल्या किड्यांनी लिंपलेला. तिने तो मऊ ब्रशने आणि पाण्याने धुतला, पलीकडचं दिसेपर्यंत. लहान मापाचा नवा पट्टा चढवला.

आईने येऊन शेजारच्या सीटवर बसून पाहिलं. गुडघे पुढे केले, मागे घेतले. "अगं, केवढी जागा होती इथे," ती म्हणाली.

मुलगी गाडी घेऊन भर दुपारी चढावर गेली, गर्दीत मुद्दाम थांबली. काटा मधोमध उभा राहिला. परत आल्यावर तिने खिडकीपाशी येऊन ते वडिलांना सांगितलं. चादरीवरचा सगळा पसारा तिने तसाच ठेवला. भंगारवाला दोनदा विचारून गेला, तिने दिला नाही. मास्तरांना तो बसल्या जागेवरून दिसायचा.

आता घरात तो खेळच झाला. मुलगी कामावरून आली की विचारायची, "मी दिसायला चांगली होते, पण तुम्ही माझं लग्न मोडलंत. बरोबर?" मास्तर तोंड उघडायचे, सावरायचे, पण इतक्या वर्षांची उलट उत्तराची सवय, राहवायचं नाही. "बरोबर." कधी रागाने, कधी विनवून; शब्द तोच. माणसं आली की त्यांच्यासमोर तिने विचारावं, आणि त्यांनी ओरडावं, आणि माणसांनी म्हणावं, आजारपणाने मास्तर किती निवळले.

आईने सुरुवातीला साधंच विचारलं. भाजी चांगली झाली ना? माझी आई चांगली होती ना, तुम्ही उगाच तिला बोलायचात? मग एके दिवशी त्यांना मऊ भात भरवताना तिने चमचा मधेच धरला आणि विचारलं, "अहो, त्या फेरीत मी बेशुद्ध पडले, तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना?"

मास्तर थांबले. हात हलला नाही, शिरा फुगल्या नाहीत. अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बरोबर."

आईचा चमचा तसाच राहिला. ती वाट बघत होती. पण ते उत्तर होतं की नुसता तो शब्द होता, हे समजायला काही मार्ग नव्हता. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी विचारलं. "हॅट तोंडावर तुम्ही ठेवली, मी मेले असते तरी ठेवली असती ना?" मुलगी दारात उभी होती. "आई, पुरे," ती म्हणाली.

"तुला खेळायला चालतं," आई म्हणाली. "मला खरं उत्तर हवंय."

ती रोज विचारायला लागली. जेवताना, औषध देताना, कूस बदलताना. तोच प्रश्न. काही दिवसांनी मास्तरांनी बोलणंच बंद केलं. ओठ घट्ट मिटले की मिटले. मुलीने डिवचलं, आईने विचारलं, घड्याळकाकांनी गोडीगुलाबीने बोलून पाहिलं. एक शब्द होता, तोही त्यांनी आत ओढून घेतला. दुपारी त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असताना आतून काहीतरी पुटपुटल्यासारखा आवाज यायचा. आईला वाटायचं, घोरत असतील.

उन्हाळा आला आणि मंडळाची फेरी आली. मुलीने ठरवलं, गाडी न्यायची आणि वडिलांनाही. शेजारच्या दोघांनी त्यांना उचलून सीटवर बसवलं. टप खाली, अंगावर स्वच्छ शर्ट, डोक्यावर टोपी. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी त्या गाडीत जिवंतपणी बसणार नाही." गुडघ्यांना जागा झाली तेव्हा तिने बसून पाहिलं होतं, पण तेव्हा गाडी उभी होती.

फेरी उत्तम झाली. हीटर नाही, वाफ नाही. शेवटच्या चौकातल्या मैदानावर गाड्या ओळीने लागल्या. माणसं जमली. घड्याळकाकांनी बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही पोरगी हेच सांगत होती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, स्टुलावर उभी राहून. आम्ही मूर्खासारखे हसलो."

लोकांनी तिच्याकडे पाहिलं. तिला अपेक्षा होती तसं काही वाटलं नाही. ती गाडीच्या दाराशी गेली आणि वडिलांच्या तोंडाशी वाकली.

"बाबा, मी तेव्हा सांगितलं होतं ते कसं होतं?"

मास्तर समोर बघत राहिले.

"एकदा म्हणा. रोज शंभर वेळा म्हणत होतात. आता एकदा म्हणा."

मास्तरांनी मान वळवली. तिच्याकडे नीट पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. डावा कोपरा जरासा वर गेला. ते हसू तिला पाठ होतं. भोवतीची माणसं चुळबुळत होती. कोणीतरी म्हणालं, अहो, आजारी माणूस आहे. ती सरळ झाली, गाडीची किल्ली काढली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तंबूत चहा मिळत होता तिकडे निघून गेली.

ती लवकर आली नाही. चहा घेतला, बक्षीससमारंभ पाहिला, ज्यांच्याशी कधी बोलली नव्हती त्यांच्याशी गप्पा मारल्या. उन्हात उघड्या गाडीत मास्तर बसून होते. टोपी वाऱ्याने मागे पडली होती. लोक येऊन त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. कोणी विचारलं, "आजोबा, काही हवं का?" ते गप्प. ऊन त्यांच्या टाळक्यावरून मानेवर आणि मानेवरून मांडीवर उतरलं. तिने तंबूतून दोन-तीनदा तिकडे पाहिलं होतं.

संध्याकाळी ताप चढला. दुसऱ्या दिवशी धाप लागली, आणि त्यांना दवाखान्यात दाखल केलं, तिच्याच दवाखान्यात. छातीचा फोटो काढायला त्यांना आणलं तेव्हा पाळी तिचीच होती. तिने पाठीशी प्लेट सरकवली, पडद्यामागे गेली आणि दिवसभर सगळ्यांना सांगायची तेच सांगितलं: "श्वास घ्या. धरून ठेवा." मास्तरांनी शहाण्या रोग्यासारखा श्वास धरला. यंत्राचा आवाज होऊन गेला. ती काचेतून बघत राहिली. त्यांचा चेहरा हळूहळू काळवंडत होता, पण ते सोडेनात. मदतनीस म्हणाला, "मॅडम?" तेव्हा ती म्हणाली, "सोडा."

दोन दिवसांनी वॉर्डातली नर्स तिला पायऱ्यांवर भेटली. "तुझे बाबा छान बोलतात की गं. पाणी म्हणतात, पंखा म्हणतात. काल मला म्हणाले, ताई, पाय दुखतो."

इंजिनिअर पायरीवर उभी राहिली. म्हणजे मैदानात, त्या उन्हात, त्यांना पाणी म्हणता येत होतं.

ती वॉर्डात गेली. पडद्याबाहेरून तिला त्यांचा आवाज ऐकू आला, अडखळता, जड, पण शब्द स्वच्छ. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते काहीतरी सांगत होते. तिने पडदा सरकवला. मास्तरांनी तिला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आईला तिने हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "घरी आणायचं नाही. ज्यांच्याशी बोलतात त्यांच्यातच राहू देत."

शहराबाहेर म्हाताऱ्या रुग्णांची देखभाल करणारी एक जागा होती, तिथे त्यांना ठेवलं. तिथल्या बायका म्हणायच्या, किती गोड आजोबा आहेत. नवीन शब्द आला की सगळ्यांना बोलावून म्हणून दाखवतात. मुलगी रविवारी जायची. त्या दिवशी आजोबा तोंड उघडायचे नाहीत. ती अर्धा तास समोर बसून उठायची. आई एकदाच गेली. खाटेपाशी उभी राहिली, आपला प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही, आणि रिक्षा करून परत आली. घरी आल्यावर तिने खिडकीखालची चादर चारही कोपऱ्यांनी उचलून भंगारवाल्याच्या गाडीत ओतायला लावली. मुलीने अडवलं नाही.

मास्तर थंडीत गेले. दुपारी एक्स-रेच्या खोलीत फोन आला तेव्हा मुलीच्या समोर एका बाईचं मोडलेलं मनगट प्लेटवर होतं. तिने आधी तो फोटो काढला, बाईला नीट पोचवलं, मग पुन्हा फोन लावला.

देखभाल करणारी बाई रडत होती. म्हणाली, सकाळपासून त्रास होता, पण शुद्ध होती. शेवटी तुमच्या आईचं नाव घेत होते. चार-पाच वेळा घेतलं. "तिला सांगा" म्हणाले, आणि पुढे काहीतरी सांगत होते. ते मला नीट ऐकू आलं नाही हो. हॅट, हॅट असं काहीतरी म्हणाले. मला त्याचा अर्थ कळला नाही. तुम्हाला कळतो का?

"नाही," मुलगी म्हणाली.

ती घरी गेली. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. मुलीने सांगितलं. आईच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. मग तिने तो झटकून दोरीवर टाकला, कडा जुळवल्या.

"काही बोलले का शेवटी?"

मुलीने चिमट्यांची टोपली उचलून तिच्यापुढे धरली. "नाही. झोपेतच गेले."

"वाटलंच," आई म्हणाली, आणि टोपलीतला एक चिमटा घेतला.